डॉल्फिनच्या फुफ्फुसातली बुरशी : औषध का लागू पडत नाही?

प्रश्न : आखातातल्या एका डॉल्फिनेरियममध्ये मी पशुवैद्य आहे. एका डॉल्फिनला ॲस्परजिलस या बुरशीचा न्यूमोनिया झालाय. सहा आठवडे इट्राकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या कॅप्सूल देऊनही फरक नाही. बुरशी औषधाला प्रतिरोधक झाली असं समजून त्याच गटातलं व्होरिकोनाझोल सुरू करू का?

उत्तर : इतक्यात नको. आधी रक्तात इट्राकोनाझोल किती पोचतंय ते मोजा. ही कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि पाळलेल्या डॉल्फिनना पोटातल्या व्रणांसाठी अनेकदा आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल किंवा फॅमोटिडीन चालू असतं. अशा वेळी माशाच्या कल्ल्यात घालून रोज नेमाने दिलेली कॅप्सूलही नीट शोषली जात नाही. द्रवरूप इट्राकोनाझोलला आम्लाची तेवढी गरज नसते.

दुसरं, बुरशी नक्की कोणती? ब्लोहोलच्या (डोक्यावरच्या श्वासछिद्राच्या) फवाऱ्यातून उगवलेल्या बुरशीवर विसंबू नका, हवेतले बीजाणूही त्यात येतात. ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीने) रोगट भागाचंच धुवण घ्या. डॉल्फिनच्या उजव्या फुफ्फुसाला श्वासनलिका दुभंगण्याआधीच एक वेगळी शाखा फुटते, तीही तपासा. ‘ॲस्परजिलस’ एवढ्यावर न थांबता प्रजाती ठरवून घ्या : ॲस्परजिलसच्या फ्युमिगेटस प्रजातीवर फ्लुकोनाझोल हे औषध मुळातच चालत नाही, टेरियस प्रजातीवर ॲम्फोटेरिसिन बी चालत नाही आणि म्युकर या वेगळ्या बुरशीगटावर व्होरिकोनाझोलचा उपयोग नाही. याला जन्मजात प्रतिरोध म्हणायचं. नंतर मिळवलेला प्रतिरोध एमआयसी चाचणीतच कळतो (एमआयसी म्हणजे बुरशीची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण). फ्युमिगेटससाठी व्होरिकोनाझोलची एमआयसी १ मिग्रॅ/लिटरच्या वर गेली, तर ते औषध सोडा.

एमआयसी त्याच्या आत असेल तर व्होरिकोनाझोल जरूर द्या, पण माणसाचं वेळापत्रक लावू नका. डॉल्फिनच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडतं. सुरुवातीचे मोजके दिवस भरणीचे (रक्तपातळी पटकन वर नेणारे) डोस दिले की पुढचे डोस दिवसांच्या अंतराने, बहुधा आठवड्याने द्यावे लागतात, आणि तेही रक्तपातळी बघूनच. पुढच्या डोसआधीची पातळी १ ते ५ मायक्रोग्रॅम/मिली असावी. रोज देत राहिलात तर औषध साचतं, खाणं सुटतं, यकृताची एन्झाइमं चढतात, पोहण्याचा तोल जातो. ओमेप्राझोलमुळे ही पातळी आणखी वाढू शकते. इट्राकोनाझोलच्या बरोबर उलटं!

प्रश्न : एमआयसीत सगळेच ॲझोल (इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल यांच्या गटातली औषधं) निकामी ठरले तर?

उत्तर : तर शिरेतून लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासत राहा, मूत्रपिंडाला धोका असतो. नेब्युलायझरने दिलेलं औषध घट्ट झालेल्या भागात शिरत नाही, म्हणून ते फक्त जोडीला. स्टिरॉइड चालू असतील तर शक्य तितक्या लवकर कमी करत आणा. उपचार महिनोन्‌महिने चालतात. खोकला थांबला म्हणून औषध बंद करू नका, अल्ट्रासाउंड आणि सीटी बघून ठरवा.

प्रश्न : नाशिकला आमची द्राक्षबाग आहे. बागेतल्या बुरशीनाशकांचा या प्रतिरोधाशी काही संबंध असतो का?

उत्तर : असतो. टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल यांसारखी ट्रायझोल बुरशीनाशकं आणि दवाखान्यातले ॲझोल बुरशीच्या एकाच एन्झाइमवर घाव घालतात. म्हणून टीआर३४/एल९८एच हा जनुकीय बदल झालेली, ॲझोलना दाद न देणारी बुरशी औषध कधीच न घेतलेल्या रुग्णातही सापडते. २०१२ मध्ये भारतातल्या मातीतूनही ती वेगळी केली गेली. बीजाणू हवेतून येतात. डॉल्फिनच्या टाकीशेजारी कंपोस्टचा ढीग किंवा बांधकामाची धूळ नसावी ती त्यासाठीच.

प्रश्न : रत्नागिरीजवळ मेलेला डॉल्फिन किनाऱ्याला लागला, तर फुफ्फुसाचा नमुना कसा घ्यावा?

उत्तर : डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी आहे, तेव्हा आधी वनविभागाला कळवा. शवविच्छेदन त्यांच्या परवानगीने पशुवैद्यच करतील. एन-९५ मास्क आणि दुहेरी हातमोजे हवेतच. गाठीच्या कडेचा, रोगट आणि निरोगी भाग जिथे मिळतात तिथला सेंटिमीटरभर तुकडा त्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा. दुसरा तुकडा कल्चरसाठी (बुरशी वाढवून पाहण्यासाठी) निर्जंतुक डबीत, ४ अंशांवर, गोठवू नका. प्रयोगशाळेलाही चिठ्ठीत लिहा : तुकडा वाटून बारीक करू नका, चिरा. वाटल्यावर म्युकरचे नाजूक तंतू मरतात आणि कल्चर रिकामं येतं.