समोरच्या माणसाला न्याय देणारे सिनेमे

जुने मराठी सिनेमे भाबडे, नवे उगाच उदास, मग बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय आणि चार-पाच नावं मागितली आहेत. नावं देतोच, पण त्याआधी मी सिनेमा कशावरून जोखतो ते सांगतो. नायकाच्या बाजूनं तर दिग्दर्शक असतोच. नायकाला अडवणारं, त्याच्याशी भांडणारं, त्याला न समजणारं जे माणूस असतं, त्याची बाजू सिनेमात कितपत उतरते ते मी बघतो. हे बघायला लागलात की जुनं-नवं हा भेद आपोआप मागे पडतो.

सुरुवात प्रभातच्या 'संत तुकाराम'पासून करा. १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा. संतपट म्हणून तो बाजूला ठेवू नका. विष्णुपंत पागनीस अभंग गातात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं हे खरंच, पण सिनेमा पेलून धरलाय तो गौरीबाईंच्या जिजाईनं. नवरा विठ्ठलात रमलेला, घरात दाणा नाही, पोरं भुकेली. ती देवाला शिव्या घालते आणि मूल आजारी पडल्यावर पायताण घेऊन देवळात शिरते. तिला अज्ञानी बाई ठरवून मोकळं होणं किती सोपं होतं! सिनेमा तसं करत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि तिला बरोबर चल म्हणतात, तेव्हा तिला पोरांचं आणि चुलीचं पडलेलं असतं. भक्ती आणि संसार, दोन्ही खरे आहेत हे त्या एका प्रसंगात दिसतं. सालोमालो मात्र अगदीच ठोकळेबाज खलपुरुष आहे. तेवढं सोडून द्या. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली. वारी, अभंग, देहू यांतलं काहीही माहीत नसलेल्या लोकांना त्यात जिजाई तरी नक्की कळली असणार, असं मला नेहमी वाटतं.

मग थेट 'सामना'. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची. १९७५ मध्ये तो बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा प्रश्न तुम्ही सिनेमा न बघताही ऐकला असेल. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर हा प्रश्न लावून धरतो, पण माझी नजर प्रत्येक वेळी निळू फुल्यांच्या हिंदुरावाकडे जाते. कारखाना उभा केला, गावाचं भलं केलं, याचा त्याला मनापासून अभिमान आहे. रस्त्यावर भेटलेल्या या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. या माणसानं आपल्याला चांगलं म्हणावं, एवढीच त्याची धडपड. एका खुनाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला ही गरज असते, आणि फुले ती नुसत्या बघण्यातून दाखवतात. पुढे कितीतरी सिनेमांत खुर्चीत रेललेला पाटील आला. त्या सगळ्यांत हा हिंदुराव शोधू नका, सापडणार नाही. 'सिंहासन' त्यानंतर बघा. तिथे तर नायकच नाही, सगळेच एकमेकांच्या समोर उभे.

'श्वास' (२००४) मुलाच्या डोळ्यांच्या कॅन्सरची गोष्ट म्हणून रडवणारा मानला जातो. रडू येतंच. पण संदीप कुलकर्णींचा डॉक्टर नीट बघा. ऑपरेशन झाल्यावर नातवाला कधीच दिसणार नाही, म्हणून आजोबा डॉक्टरला न सांगता त्याला दवाखान्याबाहेर नेतात, जग दाखवून आणतात. ते परत येतात तेव्हा डॉक्टर भडकतो, आणि त्याचं बरोबर असतं. आजोबांचंही बरोबर असतं. दिग्दर्शक संदीप सावंत यांनी दोघांपैकी कुणालाही खाली पाहायला लावलेलं नाही. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे आला तो या सिनेमामुळे.

आता नव्यांतला मला सर्वांत आवडणारा, चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली. खटला इतका पोकळ आहे की संताप येतो. सरकारी वकील म्हणून गीतांजली कुलकर्णी १८७६ च्या कायद्यातली कलमं एका सुरात वाचत जातात. आणि मग कॅमेरा तिच्याबरोबर घरी जातो. लोकलमधल्या साड्यांच्या गप्पा, मुलाला घेऊन येणं, स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटक. ती कुठेही दुष्ट नाही. अशी बाई आपल्या ऑफिसात असते, नात्यात असते, आणि म्हणूनच हा सिनेमा इतका अस्वस्थ करतो. शॉट लांब आहेत, बरेचदा कॅमेरा हलतही नाही. 'संथ आहे' म्हणून पंधरा मिनिटांत बंद केलात तर मृत कामगाराच्या बायकोची साक्ष हुकेल. आवाज न चढवता, रडारड न करता ती नवऱ्याच्या कामाबद्दल जे सांगते, तसा प्रसंग मी मराठी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही.

'फँड्री'त किशोर कदमांचा कचरू बघा. डुक्कर धरायला पोराला जुंपणारा बाप, पण त्याच्यापुढे दुसरा रस्ताच नाही. 'सैराट'बद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. उत्तरार्धात झोपडीत राहताना घुसमटणारी आर्ची मला फार खरी वाटते, गाण्यांतल्या आर्चीपेक्षाही. तिचे वडील मात्र जवळजवळ फक्त सत्ता म्हणूनच दिसतात. त्या घरात दोन मिनिटं जास्त थांबायला हवं होतं.

हसायचं असेल तर 'अशी ही बनवाबनवी' आहेच, आणि त्यातल्या सुधीर जोशींच्या घरमालकावर माझा फार जीव आहे.

क्रम विचाराल तर 'सामना' आधी, लगेच दुसऱ्या दिवशी 'कोर्ट', आणि 'तुकाराम' सुट्टीच्या सकाळी. त्याची जुनी प्रिंट खरखरते, तेव्हा हेडफोन लावा. पागनीसांच्या आवाजाआड जिजाईची बडबड हरवायला नको.