टिकलीच्या जागी पांढरा डाग, आणि तुमची बाकीची पत्रं

नमस्कार मैत्रिणींनो, या महिन्याची पत्रं वाचायला बसले आणि एक गोष्ट चटकन लक्षात आली. खाली घेतलेली पत्रं सगळी चाळिशी ओलांडलेल्या बायकांची आहेत आणि जवळपास प्रत्येकीला त्रास झालाय तो रोज वापरायच्या वस्तूनेच. वीस-पंचवीस वर्षं काही झालं नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि मग एक दिवस तीच वस्तू अंगाशी येते. मी 26 वर्षं पार्लर चालवलंय, डॉक्टर नाहीये, त्यामुळे जिथे डॉक्टरकडेच जायला हवं तिथे मी तसं सरळ सांगणार आहे.

ताई, माझं वय 48. कपाळावर टिकली लावते तिथे बरोब्बर टिकलीएवढा पांढरा डाग पडलाय. सासूबाई म्हणतात कोड आहे, कोणाला सांगू नकोस. दोन महिने झाले मी मोठी टिकली लावून तो झाकतेय. – एक वाचक, सांगली

सगळ्यात आधी ती मोठी टिकली काढा. आज, आत्ता. कारण डाग ज्याने पडलाय त्यानेच तुम्ही तो झाकताय.

टिकलीच्या मागे जो गोंद असतो ना, त्यातल्या काहींमध्ये पीटीबीपी नावाचं केमिकल असतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी असतात त्या या केमिकलने मरतात, आणि मग तेवढीच जागा पांढरी पडते. माझ्याकडे यायच्या त्यातल्या कितीतरी जणींच्या कपाळावर मी हे बघितलंय. सुरुवातीला नुसती खाज येते, जागा थोडी लाल होते, बाई टिकली जरा वर सरकवून लावते आणि विसरून जाते. आणि आपल्या सवयी तर बघा, रात्री टिकली काढायची, बाथरूमच्या आरशाला चिकटवायची, सकाळी तीच परत लावायची, आणि दमलेलो असलो की काढायचीच नाही, म्हणजे चोवीस तास तो गोंद एकाच जागी.

आता तुमच्या मनातली भीती. हा डाग टिकलीमुळेच आहे की खरंच कोडाची सुरुवात आहे हे ना मी सांगू शकत ना सासूबाई, स्किनचे डॉक्टर बघून सांगतील. हाताची बोटं, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती कुठे पांढरं दिसतंय का तेही त्यांना सांगा. आणि पायावर चपलेच्या पट्ट्याखाली बघा बरं, रबरी चपलेनेही असेच डाग पडतात. लवकर गेलात तर बऱ्याचदा रंग परत येतो, पण महिने जातात त्यात. आणि कोड निघालंच तरी ते स्पर्शाने पसरत नाही, त्यात लपवण्यासारखं काहीही नाही. तुमची चूक नाही ही, एवढं पक्कं धरा.

तोपर्यंत कपाळ मोकळं ठेवा. अगदीच चैन पडत नसेल तर डाग सोडून बाजूला, आधी वापरून सवयीच्या असलेल्या आयब्रो पेन्सिलचा बारीक ठिपका काढा आणि रात्री पुसा. पूर्वी बायका मेण लावून त्यावर कुंकू रेखायच्या, ते कुंकू हळदीपासून केलेलं असायचं. आज बाजारात मिळणारं लालभडक कुंकू बऱ्याचदा नुसता रंग असतो आणि त्यानेही कपाळ काळवंडतं, त्यामुळे डाग असताना ते नको.

माझं वय 44, दोन्ही गालांवर वांग आहेत. मेडिकलवाल्याने एक क्रीम दिलं, पंधरा दिवसांत चेहरा एकदम उजळ. दोन वर्षं लावतेय. आता चेहरा सारखा लाल असतो, उन्हात गेलं की आग होते, हनुवटीवर लव वाढलीये, आणि क्रीम थांबवलं की वांग आधीपेक्षा काळे. काय करू? – एक वाचक, नाशिक

तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण अशी पत्रं मला दर महिन्याला येतात. पार्लरमध्ये असताना तर अशी बाई मी नुसत्या हाताने ओळखायचे. साध्या पाण्याने भिजवलेला कापूस गालाला लावला तरी ती दचकायची, कातडी कागदासारखी पातळ, आतल्या बारीक लाल शिरा दिसायच्या. पर्स उघडून दाखव म्हटलं की शेपटीपासून घट्ट गुंडाळत आणलेली ती छोटीशी ट्यूब निघायची, शेवटचा थेंब दाबून काढलेली.

ट्यूबवरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ते तीन औषधं एकत्र केलेलं क्रीम. डॉक्टर ते वांगासाठी देतात, नाही असं नाही, पण काही आठवडे, रात्री, नजरेखाली. दोन वर्षं नाही. तुम्ही लिहिलेलं सगळं, म्हणजे लाली, आग, लव, बंद केलं की दुप्पट काळं, हे स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याचं चित्र आहे. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. तरी काउंटरवरून सहज मिळतात आणि "गोरं होण्याचं क्रीम" म्हणून हातोहात जातात, याचा मला फार राग येतो.

आता काय करायचं. ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरकडे जा, किती दिवस लावलं ते खरं सांगा, ओरडले तरी चालेल. अचानक सोडलं की चेहरा पेटून उठतो, म्हणून ते कसं सोडायचं हेही त्यांनाच ठरवू दे. पहिले काही आठवडे आरशात बघवणार नाही, पण परत त्या ट्यूबकडे वळू नका. या काळात फेशियल नको, ब्लीच नको, स्क्रब नको, लिंबू-बेसन तर अजिबात नको. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बास.

सनस्क्रीनचं नीट ऐका, कारण वांगामध्ये अर्धी लढाई तिथेच आहे. एसपीएफ 30 किंवा वर, ब्रॉड स्पेक्ट्रम. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही, तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढा, तेवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. आणि वांगवालीने रंगाची छटा असलेलं, म्हणजे टिंटेड घ्यावं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड साध्या उजेडालाही अडवतं आणि वांग त्या उजेडानेही गडद होतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. वांग पूर्ण जातीलच असं कोणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा, ते फिके होतात, उन्हाळ्यात परत डोकं वर काढतात, पण चेहऱ्याची आग थांबणं हे आत्ता जास्त महत्त्वाचं आहे.

ताई, वय 52. पंधरा वर्षं केसांना काळा डाय लावतेय. गेल्या दोन वेळेस लावल्यावर डोकं खाजलं, कपाळ सुजलं, डोळ्यांच्या पापण्या फुगल्या. मैत्रीण म्हणाली काळी मेंदी लाव, नॅचरल असते. मिस्टर म्हणतात केस पांढरे सोडलेस तर म्हातारी दिसशील. – एक वाचक, ठाणे

तुम्ही दुसऱ्यांदा लावलात हे वाचून धस्स झालं हो. तिसऱ्यांदा लावू नका. डायमध्ये काळा रंग चढवायला पीपीडी नावाचं केमिकल असतं, त्याची ॲलर्जी पंधरा वर्षांनीसुद्धा सुरू होऊ शकते, आणि एकदा झाली की सहसा ती जात नाही, उलट प्रत्येक वेळी जास्त जोरात येते. कधी चेहरा सुजून श्वास लागला तर घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

"अमोनिया फ्री" लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ती काळी मेंदी! मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तपकिरी असतो. जी पावडर तासाभरात केस कोळशासारखे काळे करते तिच्यात मेंदीपेक्षा दुसरंच काहीतरी आहे, बऱ्याचदा हेच पीपीडी. बाकीच्या मैत्रिणींनी डाय लावायच्या आधी कानामागे थेंबभर लावून 48 तास वाट बघावी, दरवेळी. तुम्ही मात्र घरी हा प्रयोगसुद्धा करू नका, तुमची टेस्ट डॉक्टरकडेच.

राहिला पांढऱ्या केसांचा प्रश्न. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंतचे केस पूर्ण मोकळे व्हायला दोन-अडीच वर्षं. सगळ्यात अवघड पहिले सहा महिने, वर पांढरा पट्टा आणि खाली काळे. तेव्हा केस मानेपर्यंत कापून टाका, भांग मधला असेल तर बाजूला न्या, जरा वाकडातिकडा पाडा म्हणजे पट्ट्याची सरळ रेघ दिसत नाही. कोणाला कापवत नाहीत तर अंबाडा आणि गजरा. पांढऱ्या केसांवर तेल जास्त झालं की पिवळट झाक येते, आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू मिळतो तो लावा. आणि साड्या बाहेर काढून बघा, फिके बदामी, पिस्ता रंग आता चेहरा उतरलेला दाखवतील, त्याऐवजी गडद निळा, जांभळा, मोरपंखी, वांगी रंग चेहऱ्याजवळ घ्या. मिस्टरांना सुजलेल्या पापण्यांचा फोटो दाखवा आणि हा विषय तिथेच संपवा.

लिहायला लाज वाटते. वय 50, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. खाली कोरडेपणा, जळजळ, जवळ येणं नको वाटतं. टीव्हीवर बघून इंटिमेट वॉश आणला, रोज दोनदा वापरते तर जास्तच आग होते. परवा किंचित रक्ताचा डाग दिसला. – नाव नको

बरं केलंत लिहिलंत. वॉश आजपासून बंद, नुसतं कोमट पाणी, तेही बाहेरूनच. आतल्या भागाला साबण लागत नाही, तो आपोआप स्वच्छ राहतो, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्याने तिथली त्वचा आधीच पातळ आणि कोरडी झालेली असते, त्यात सुवासिक केमिकल म्हणजे जखमेवर मीठ.

पण त्या डागाचं आधी बघा. पाळी पूर्ण बारा महिने बंद राहिल्यावर परत एक थेंब जरी दिसला, गुलाबी असो की तपकिरी, तरी बायकांच्या डॉक्टरकडे जायचंच, याच आठवड्यात. बऱ्याचदा कोरडेपणामुळेच असतं, पण कधीकधी गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असते आणि लवकर कळलं तर उपचार सोपे होतात. सोनोग्राफी करतील, कदाचित छोटा तुकडा तपासायला घेतील, घाबरू नका. ते सगळं नीट निघालं की कोरडेपणावर तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, हॉर्मोन नसलेली मॉइश्चरायझरं असतात, डॉक्टर तुम्हाला साजेसं देतील. हा त्रास असंख्य जणींना असतो आणि घरात बहिणीलाही कोणी सांगत नाही. नवऱ्याला एवढं सांगा की मला दुखतंय. "मला नको" आणि "मला दुखतंय" यात खूप फरक आहे, त्यांना तो कळू दे.

वय 46, केस मूठमूठ गळतात. बायोटीनच्या गोळ्या घेतेय, फरक नाही. – एक वाचक, लातूर

पाळी कशी आहे हे तुम्ही लिहिलंच नाहीये. या वयात पाळी जायच्या आधी कितीतरी जणींना खूप अंगावर जातं, त्याने लोह कमी होतं आणि ते केसांवर दिसतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-12 एवढ्या टेस्ट डॉक्टरांना विचारून करा. आणि हो, लॅबला बायोटीन घेताय हे आधी सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. गेल्या तीन-चार महिन्यांत मोठा ताप, ऑपरेशन किंवा घरात दुःखाचं काही झालं होतं का तेही आठवा, केस त्यानंतर उशिरा गळतात आणि मग आपोआप थांबतात.

ताई, वय 56. कानाची भोकं ओघळून लांब चीर झालीये, एक पाळी तर जवळपास फाटलीच. पाच महिन्यांनी भाचीचं लग्न आहे आणि मला आईच्या मोत्याच्या कुड्या घालायच्यात. आई गेल्या वर्षी गेली. – एक वाचक, कोल्हापूर

घालता येतील. भोकाच्या कडेला आतून पातळ कातडी धरलेली असते, त्यामुळे ती चीर नुसती चिकटवून किंवा टेप लावून बंद होत नाही. प्लास्टिक सर्जन किंवा स्किनचे डॉक्टर तेवढीच जागा बधिर करून कडा कापून टाके घालतात, त्याच दिवशी घरी येता. शुगर असेल तर आधी आटोक्यात आणा, आणि पूर्वी कुठल्या जखमेचा व्रण उंच, जाड झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. परत टोचायचं ते दोन-तीन महिन्यांनी, आणि टाक्याच्या रेघेवर नाही, तिच्या शेजारी. म्हणजे या महिन्यात गेलात तर लग्नापर्यंत नवीन भोकाची जखम भरून आलेली असेल.

कुड्यांना वेल आहेत का बघा, नसतील तर सोनाराकडून करून घ्या. ती साखळी कानावरून मागे केसांत अडकवायची, दागिन्याचं वजन पाळीवर न येता केसांवर येतं, त्यासाठीच तर ते असतात. त्या दिवशी मुहूर्ताच्या आधी घाला, जेवणं झाली की काढून डबीत ठेवा, रात्री कानात ठेवून झोपू नका. आणि लग्नातला फोटो मला पाठवा, मला खरंच बघायच्यात त्या कुड्या.