दर उतरेपर्यंत थांबू का?

पसंत पडलेलं घर आता ९ टक्क्यांनी कर्ज काढून घ्यावं, की दर एखाद्या टक्क्याने उतरेपर्यंत आणि पहिल्या घरासाठीचं सरकारी अनुदान येईपर्यंत थांबावं, असं तुम्ही विचारलंय. मी मात्र पत्रातल्या शेवटच्या ओळीवर अडखळलो. डाउन पेमेंट भरल्यावर तुमच्या खात्यात जवळजवळ काहीच उरणार नाही.

आधी दराचं बघू. २० वर्षांच्या कर्जाला दर लाखामागे ९ टक्क्यांनी महिना ९०० हप्ता बसतो, ८ टक्क्यांनी ८३६. म्हणजे तुम्ही थांबलात आणि तेवढ्यात घर साडेसात टक्क्यांनी महागलं, की हप्ता पुन्हा जिथल्या तिथे, वर डाउन पेमेंट वाढलेलं. दर उतरले की तुमच्यासारखे थांबलेले सगळे एकदम बाहेर पडतात आणि घरं तेवढीच असतात, त्यामुळे असं घडणं अजिबात अवघड नाही.

बरं, दर चढले की घरं स्वस्त होतात, हेही दरवेळी खरं नसतं. अमेरिकेत २०२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास मिळणारं ३० वर्षांचं कर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास ८ टक्क्यांवर गेलं. तरी देशभरात किमती कोसळल्या नाहीत, कारण जुन्या स्वस्त, स्थिर दराचं कर्ज असलेल्या अनेकांनी घरं विकायलाच काढली नाहीत.

अनुदानाबद्दल मी जरा कडवट आहे. इंग्लंडमध्ये २०१३ ते २०२३ या काळात ‘हेल्प टू बाय’ योजनेत सरकार नव्या घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत कर्ज देई, लंडनमध्ये २०१६ पासून ४० टक्क्यांपर्यंत. जिथे नवी घरं बांधायला जागा आणि परवानगी मिळणं कठीण, तिथे त्या मदतीने किमतीच वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं. बांधकाम वाढवणारं धोरण ग्राहकाच्या जास्त उपयोगी पडतं, पण त्याचा परिणाम दिसायला वर्षं जातात. तुमच्या निर्णयात ते धरू नका.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो. तुमचं कर्ज बदलत्या दराचं आहे. दर ९ वरून १० झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत ताणली, तर सुरुवातीलाच २४० महिन्यांचे ३१४ होतात. तुम्ही ४१ वर्षांचे आहात. कर्ज फिटेल तेव्हा ६७ चे असाल. मुदत तीच ठेवायची म्हटलं आणि दर ११ वर गेला, तर आज पगाराच्या ३८ टक्के असलेला हप्ता ४४ टक्क्यांवर जाईल. त्यात नोकरी दोन महिने जरी गेली, तरी हाताशी शिल्लक नाही.

म्हणून माझं मत असं, की दरासाठी थांबू नका, पण हा व्यवहारही आहे तसा करू नका. हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला राहील एवढ्या बेताचं घर बघा, एक खोली कमी असली तरी. याच घरावर जीव जडला असेल तर आधी ती शिल्लक उभी करा. तुमची आजची बचत पाहता त्याला साधारण वर्ष लागेल. तोवर ते विकलं जाईल, ही शक्यता आहेच.

बँकेत जाल तेव्हा दोन गोष्टी लेखी घ्या: दर वाढला तर हप्ता वाढेल की मुदत हे कोण ठरवणार, आणि मुदतीआधी पैसे भरले किंवा कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तर काही दंड किंवा शुल्क लागेल का.