वावरात पहिल्यांदाच उतरतो आहेस ना, मग हे वाच

काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत शिकायला राहतोस हे वाचून फार बरं वाटलं. पहिल्या वर्षी सगळं शिकायच्या मागे लागू नकोस. एवढं पक्कं कर.

पहिलं म्हणजे वाफसा ओळख, म्हणजे माती मशागतीजोगी ओलसर आहे का ते. आपली काळी माती ओली असताना वखर-डवरा घातला की ढेकळं होतात. मूठभर माती दाबून गोळा कर, कंबरेच्या उंचीवरून सोड. फुटला तर काम कर. नुसता चपटा झाला, तर दोन दिवस थांब.

दुसरं, पाणी. नवीन पोरं झाडाच्या बुंध्यालाच पाणी लावतात, आणि तिथूनच डिंक्या लागतो. मीही तेच केलं होतं. साल कुजून डिंक गळायला लागला तेव्हा कळलं, आणि तीन झाडं गेली. दुहेरी आळं कर, म्हणजे बुंध्याभोवती एक कोरडं आणि त्याच्या बाहेर पाण्याचं दुसरं; बुंधा कोरडा ठेव. कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नकोस.

जीवामृत:
- २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, धुऱ्यावरची (बांधावरची) मूठभर माती
- सावलीत ठेव, सकाळ-संध्याकाळ ढवळ
- दोन दिवसांनी वापर, आठवड्याच्या आत संपव

जीवामृत म्हणजे खत नव्हे, जिवाणूंचं विरजण. शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन नसेल तर ते जिवाणू खाणार काय?

बहार (फुलोरा) धरणं, त्यासाठी पाणी तोडून ताण देणं, छाटणी, हे पुढच्या वर्षी. तोवर रोज सकाळी बागेत एक चक्कर मार, पानं उलटून बघ, वहीत लिही. अडलं की विचार, मी आहे.