जुने फिटर निवृत्त होण्यापूर्वी त्यांचे ज्ञान कसे टिपावे?

आपल्या प्रश्नावरून समजलेली परिस्थिती अशी: रबाळे एमआयडीसीतील आपल्या पावडर पॅकिंगच्या कारखान्यातले सर्वांत अनुभवी फिटर मार्चअखेरीस निवृत्त होत आहेत, माहिती साठवण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी काही भरत नाही आणि म्हणून प्रत्येक नोंदीमागे बक्षीस ठेवावे का, असे आपण विचारता आहात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या देखभाल विभागांत बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत असे आहे की बक्षीस ठेवू नये आणि त्या फिटरना लिहायलाही बसवू नये.

"तुम्हाला माहीत आहे ते सगळे लिहून द्या" असे सांगितले, की मॅन्युअलमध्ये आधीच छापलेल्या गोष्टी कागदावर उतरतात, कारण आपल्याला नेमके काय ठाऊक आहे हे प्रसंग समोर उभा राहिल्याशिवाय जाणत्या माणसालाही आठवत नाही. ऑगर फिलरचेच, म्हणजे स्क्रू फिरवून पाकिटात पावडर भरणाऱ्या मशीनचेच घ्या. पाकिटाचे वजन उतरू लागले की नवखा ऑपरेटर लगेच सेटिंग वाढवतो; जुना माणूस आधी हॉपरमध्ये, म्हणजे स्क्रूवरच्या पावडरच्या टाकीत डोकावतो. पावडरची पातळी खाली गेली की वरचा दाब कमी होतो, पावडर सैल भरली जाते आणि स्क्रूच्या तितक्याच फेऱ्यांत कमी माल पडतो. अशा वेळी सेटिंग वाढवले आणि मागाहून कोणी हॉपर भरला, तर पुढची पाकिटे जड जाऊ लागतात. पावसाळ्यात ओल धरणारी पावडर असेल, तर हा गोंधळ आणखी वाढतो. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धतीत, यातली ओळही सहसा सापडत नाही.

म्हणून सुरुवात ब्रेकडाऊन रजिस्टरपासून करावी. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या, लाइन बराच वेळ बंद ठेवणाऱ्या नोंदी निवडाव्यात आणि एका तरुण फिटरने जुन्या फिटरना केबिनमध्ये नव्हे, तर त्या त्या मशीनपाशी उभे करून विचारावे: सर्वांत आधी काय पाहिलेत, कोणती शंका सोडून दिलीत आणि का, मशीन थांबवायचेच हे कशावरून ठरवलेत? लिहिण्याचे काम तरुणाने करावे, तपासण्याचे जुन्याने, आणि नोंदीखाली दोघांचीही नावे असावीत. पुढचा बिघाड तरुणाच्या हातून दुरुस्त व्हावा व जुन्यांनी शेजारी नुसते उभे राहावे. (हे "नुसते उभे राहणे" त्यांना फार जड जाते, याची तयारी ठेवा.)

बक्षिसाला माझा विरोध अनुभवातून आहेच, पण मोठ्या कंपन्यांचे दाखलेही आहेत. इन्फोसिसने ज्ञान वाटून घेण्यासाठी गुण देण्याची पद्धत आणली, तेव्हा नोंदींचा पूर आला आणि दर्जा सांभाळण्यासाठी ती पद्धत बदलावी लागली. झेरॉक्सने दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांच्या युक्त्या जमवल्या, त्या मात्र जाणकारांकडून तपासून आणि सुचवणाऱ्याच्या नावासह. माणसाला आपले नाव चारचौघांत राहिलेले हवे असते.

आज आपले खरे ज्ञान बहुधा व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या व्हॉइस नोट्समध्ये पडून असेल. ते कंत्राटी कामगाराच्या फोनबरोबर बाहेर जाते. रोज शिफ्ट बदलताना एकाने त्यातले कामाचे तेवढे रजिस्टरमध्ये उतरवावे; भाषा हिंदी-मराठी मिश्र असली तरी चालेल. सॉफ्टवेअर त्यानंतर, तेही मशीनपाशी उघडता येत असेल तरच.

व्यवस्थापन यासाठी वेळ देत नसेल, तर आयएसओ 9001:2015 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातील 7.1.6 हे कलम दाखवा. कामासाठी लागणारे ज्ञान निश्चित करून ते टिकवणे आणि आवश्यक तिथे उपलब्ध ठेवणे, अशी त्यात स्पष्ट अपेक्षा आहे. प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यात ऑडिटर त्यावर प्रश्न विचारू शकतो, आणि ऑडिटचे नाव काढले की वेळ निघतो.

निवृत्तीनंतर त्यांना महिन्यातून एक-दोन दिवस मानधनावर बोलावता आले, तर जरूर बोलवावे. मात्र दुरुस्तीसाठी नव्हे, मधल्या काळात इतरांनी केलेल्या नोंदी वाचून त्यांतल्या चुका दाखवण्यासाठी, आणि हे मानधनाच्या पत्रातच लिहून ठेवावे.