घरातल्या .३१५ रायफलीत .३०३ चं काडतूस चालेल का? आणि रायफल बरी आहे हे कसं ओळखावं?

नाही, चालणार नाही. बसतंय का हे पाहायलासुद्धा घालू नका.

तुम्ही लिहिलंय की वाळपईच्या घरी वडिलांच्या मागे .३१५ रायफल राहिली आहे, आणि 'आकडे जवळजवळ सारखेच' असं शेजाऱ्याने सांगितलं. पण नळीच्या व्यासाचे हे इंचातले आकडे नावापुरते असतात. .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास भरते, .३१५ ची .३२३ च्या आसपास. त्याहून महत्त्वाची काडतुसाची पितळी केस: .३०३ ची ५६ मिलिमीटर लांब, .३१५ ची ५०. चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा काडतूस बसतो तो भाग, एकाच केसच्या घाटाने कोरलेला असतो. केसला चहूबाजूंनी आधार मिळाला नाही तर ती फाटते आणि तापलेला वायू मागे, तुमच्या डोळ्यांकडे येतो.

गोंधळ होतो कारण ईशापूर कारखान्याची .३१५ ही ली-एनफिल्डच्या, म्हणजे इंग्रज सैन्याच्या .३०३ रायफलीच्याच बांधणीची, दिसायला .३०३ ची बहीणच. सैन्याचं काडतूस लोकांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या काळात हा बोअर (नळीचं माप) वेगळा ठेवला गेला. म्हणून नळीवरचा ठसा, काडतुसाच्या बुडावरचा शिक्का आणि परवान्यातला बोअर, तिन्ही जुळले तरच काडतूस घ्यायचं.

आता रायफल बरी की वाईट. बाहेरच्या चकाकीला भुलू नका, नळीत पाहा. आधी ती रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करा, मग बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा) काढून नळी उजेडाकडे धरा आणि मागच्या बाजूने आत पाहा. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) स्पष्ट दिसायला हवेत. काळे खड्डे दिसले तर गंजाने नळी खाल्ली आहे, तेल लावून ती भरून येत नाही. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली असेल तर नेम नीट लागणार नाही. बोल्टवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का पाहा. बोल्ट बदललेला असेल तर हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस अडतं तिथपर्यंतचं अंतर) मोजल्याशिवाय बार काढू नये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याचं कव्हर घातक. आमच्या बाबांची बाराबोर बंदूक तशीच कव्हरात राहिली आणि चतुर्थीला काढली तेव्हा नळीवर तांबडे डाग पडले होते. चामडं ओल धरून ठेवतं.

वडिलांचा परवाना आपोआप तुमच्या नावावर होत नाही. रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि उत्तर गोवा जिल्हाधिकाऱ्यांकडे वारस म्हणून अर्ज करा. विक्रेत्याकडे ठेवलीत तर वर सांगितलेली तपासणीही त्याच्याच समोर करून घ्या.