पुण्यात एसओसी ॲनालिस्ट (कंपन्यांवरच्या सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणारा) आहे, जर्मनीत नोकरी हवी आहे. ओएससीपी करू की सीआयएसएसपी?

सायबर सुरक्षेची ही दोन्ही सर्टिफिकेटं राहू द्या. आधी जर्मन बी-वन, म्हणजे मध्यम पातळी, करा.

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत पाच वर्षं एसओसीत आहात, सध्या एल-टूला म्हणजे दुसऱ्या पातळीवर, बायको आणि लहान मुलीला बरोबर न्यायचंय, आणि ‘आयटीत इंग्रजी चालतं असं सगळे सांगतात’. या सगळ्यांमध्ये माझा एक मावसभाऊ नक्की असणार. मी बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला जायचे तेव्हा हा न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉलवर हसायचा. “अगं, टूलला कुठे भाषा असते? लॉग, संगणकाच्या नोंदी, सगळे इंग्रजीतच. त्या पैशात एखादं सर्टिफिकेट पदरात पाडून घे.” घरचेही त्याचीच री ओढायचे, कारण परदेशात आधी तो गेलेला. आता मी स्टुटगार्टजवळ यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या सुरक्षा टीममध्ये आहे, आणि तुमचा प्रश्न वाचून तो जुना वाद पुन्हा डोक्यात गेलाय.

शनिवारची रात्र, ऑन-कॉल माझ्याकडे. डोंगराकडच्या एका गावात आमचा कारखाना आहे. तिथल्या फाइल सर्व्हरवरून अलर्ट, फाइलींची नावं धडाधड बदलतायत. म्हणजे रॅन्समवेअर, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला; पुढचं तुम्हाला सांगायला नको. ज्या मशिनींवर ईडीआर (हल्ला ओळखून मशीन दुरूनच तोडू देणारं सॉफ्टवेअर) होतं त्या मी घरी बसूनच नेटवर्कमधून तोडल्या. पण यंत्रांना जोडलेले विंडोज सेव्हनवाले पीसी, ज्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही, त्यांच्यावर काहीच नव्हतं. तिथला आयटीवाला सुट्टीवर. सुट्टीवरचा माणूस इथे फोन उचलत नाही आणि त्याने उचलावा अशी अपेक्षाही कुणी करत नाही (हे मला मनापासून पटतं). सापडला तो रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन. खणखणीत आवाज, इंग्रजी शून्य.

मी नाव सांगितलं, काम सांगितलं. म्हटलं, नेटवर्क स्विचच्या खोलीत जा, वरच्या स्विचमधून दुसऱ्या हॉलकडे जाणारी पिवळी फायबर केबल काढा, सर्व्हर मात्र बंद करू नका. तो म्हणाला, कशाला, विजेचा मेन स्विचच पाडतो, एका मिनिटाचं काम. मी ओरडलेच. सर्व्हर बंद झाला की मेमरीत असलेलं सगळं गेलं, मग चोर कुठून घुसला हे कशावरून काढणार? हे समजावताना माझ्या जर्मनमधली निम्मी लिंगं चुकली असतील, पण त्याला कळलं. आणि मग त्याने विचारलं, “पण तुम्ही आमच्याच कंपनीतल्या, हे कशावरून?”

मला इतका आनंद झाला! मध्यरात्री परक्या उच्चाराची बाई फोन करून वायर उपटायला सांगते आणि समोरचा निमूट उपटतो, तर आमची दरवर्षीची ट्रेनिंगं पाण्यातच गेली म्हणायची. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवूच नका. फोन ठेवा, गेटवर आपत्कालीन नंबरांची यादी लावलीय, त्यातला नंबर फिरवा आणि मला मागा. त्याने अगदी तसंच केलं. मग फायबर निघाली आणि दुसरा हॉल वाचला. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं, थोडं माझंही, पण माझी सर्टिफिकेटं कुणी विचारली नाहीत. त्या रात्री लॉग इंग्रजीतच होते, दादाचं बरोबर होतं. लॉगना फक्त वायर काढता येत नव्हती.

असं रोज थोडंच होतं, म्हणाल. मग रोजचं ऐका. पुण्यात क्लायंटने हो म्हटलं की आपण कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर अलर्ट लावून मोकळे होतो. इथे कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते, बेट्रीब्सराट. कर्मचाऱ्यांवर नजर ठेवता येईल असं टूल तिच्या संमतीशिवाय लावता येत नाही, कायदाच तसा आहे. कुठला लॉग किती दिवस ठेवणार, कोण बघणार, यावर बैठकांमागून बैठका, सगळ्या जर्मनमध्ये. तुमच्याशी इंग्रजीत बोलायला कुणी नाही म्हणत नाही, पण निर्णय तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर होतात. वैयक्तिक माहिती फुटली तर जीडीपीआर या युरोपीय कायद्याप्रमाणे 72 तासांत सरकारी यंत्रणेला कळवायचं असतं. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 2022 च्या आदेशाने आपल्याला सहा तासांची सवय लावलीय, त्यामुळे घाईचं आपल्याला काही वाटत नाही. तो कागद जर्मनमध्ये कोण लिहिणार, असं विचारलं की मात्र अर्धी टीम खाली बघते. मी लिहिते. बढतीही मला मिळाली.

व्हिसाचा हिशेबही भाषेच्याच बाजूचा आहे. ब्लू कार्डावर (कुशल नोकरदारांचा राहण्याचा परवाना) बी-वन असेल तर 21 महिन्यांनी कायमच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, नुसतं ए-वन, म्हणजे सुरुवातीची पातळी, असेल तर 27. डिग्री आयटीची नसेल किंवा मुळात नसेल, तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा कामाचा अनुभव असला तर नोव्हेंबर 2023 पासून आयटीवाल्यांना ब्लू कार्ड मिळू शकतं. पगाराची अट दरवर्षी बदलते, चालू वर्षाचा आकडा बघा. तुमच्या बायकोला येण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागणार नाही आणि आल्यावर लगेच नोकरीही करता येईल. घराचं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागतात, ते वेगळं काढून ठेवा. पाळणाघराच्या यादीत मुलीचं नाव पत्ता मिळाल्या दिवशीच घाला. आणि सध्याच्या नोकरीतल्या 90 दिवसांच्या नोटिशीचं पहिल्याच मुलाखतीत सांगून टाका.

रात्री बसून कुणाच्याही वेबसाइटमध्ये भोकं शोधायची सवय असेल तर ती पुण्यातच ठेवून या. हॅकिंगची टूल्स गुन्ह्याच्या तयारीसाठी बनवण्या-मिळवण्याबद्दल इथे 2007 पासून वेगळं कलम आहे. 2024 मध्ये यूलिखच्या न्यायालयाने एका प्रोग्रामरला 3000 युरो दंड केला. सॉफ्टवेअरमध्ये उघडाच पडलेला पासवर्ड वापरून त्याने डेटाबेस पाहिला होता, आणि त्रुटी कळवलीही होती. लेखी परवानगीशिवाय कशालाही हात लावू नका.

निघण्याआधी घरच्यांचंही बघा. बँकेचे ओटीपी येतात ते सिम बंद पडू देऊ नका. मी इथे कारखाने राखते आणि तिकडे साताऱ्यात आईला ‘मुंबई पोलीस’ व्हिडिओ कॉलवर डिजिटल अरेस्टची धमकी देतात. तिलाही तेच शिकवलंय, फोन ठेव आणि तुझ्याकडे लिहिलेल्या नंबरावर मला कर. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी 1930 ही सायबर हेल्पलाइन.

आता थोडं सांभाळून बोलते, नाहीतर कमेंटमध्ये बर्लिनवाले धावून येतील. तिथल्या स्टार्टअपमध्ये, क्लाउड सिक्युरिटीत, इंग्रजीवर वर्षानुवर्षं काढलेली माणसं मला माहीत आहेत. आणि बी-वन झालं की सगळं कळतं असंही नाही. आमच्या भागातली श्वेबिश बोली उत्तरेकडच्या जर्मनांनाही जड जाते.

राहिला तुमचा प्रश्न. पाच वर्षांचं काम सीआयएसएसपीच्या दोन तरी विषयांत बसत असेल तर तुम्ही पात्र आहात, डिग्रीमुळे एक वर्ष सूटही मिळते. एचआरला ते नाव ओळखीचं असतं. पण इथल्या बऱ्याच कंपन्या फी भरतात, मग खिशातून कशाला? रुजू झाल्यावर मागून घ्या. ओएससीपी पेनटेस्टिंगलाच, म्हणजे परवानगीने हॅक करून त्रुटी शोधायच्या कामालाच, जायचं असेल तर, एसओसीवाल्याला 24 तास जागून ती परीक्षा द्यायची गरज नाही. कोणत्या शहरात अर्ज करताय ते लिहिलं नाहीत. लिहिलंत तर घरांचं आणखी सांगते.